दवाखान्यातील वाय-फाय आणि बिनतारी लहरींचे नियम

रुग्णाची नोंद, रक्ततपासणीचा अहवाल, क्ष-किरण प्रतिमा, अतिदक्षता विभागातील मॉनिटरचे आकडे, अशी रुग्णालयातील बरीचशी माहिती आज बिनतारी मार्गाने प्रवास करते. राउटर आणावा, भिंतीवर बसवावा, पासवर्ड घालावा की काम झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु राउटर हा एक छोटा रेडिओ प्रक्षेपकच आहे आणि प्रत्येक प्रक्षेपकास देशाचे नियम लागू असतात. औषधे, क्ष-किरण यंत्रे, जैववैद्यकीय कचरा यांच्या नियमांबाबत आपण जागरूक असतो. या नियमांचाही वैद्यकीय व्यावसायिकास परिचय असावा, या हेतूने हा लेखनप्रपंच.

परवाना नाही, पण नियम आहेत

भारतात १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार असे उपकरण बाळगण्यासही परवाना आवश्यक ठरला. १८८५ आणि १९३३ च्या जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये दूरसंचार कायदा संमत झाला व २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. जुने नियम नव्या कायद्याशी विसंगत नसतील तेथवर चालू राहतील, अशी तरतूद त्यात आहे.

वाय-फायला परवाना लागत नाही, तो खास सूट दिल्यामुळे. जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी खुला झाला. त्याच वेळी ५ गीगाहर्ट्‌झ पट्ट्याच्या काही भागास इमारतीतील किंवा एकाच आवारातील वापरापुरती सूट मिळाली. २०१८ मध्ये ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ असा एकूण ६०५ मेगाहर्ट्‌झचा पट्टा उघड्यावरील वापरासही मोकळा झाला.

या सुटीला तीन अटी आहेत: इतरांना व्यत्यय आणू नये, स्वतःला व्यत्यय आल्यास संरक्षण मागू नये आणि लहरींवर एकाधिकार सांगू नये. डॉक्टरांच्या दृष्टीने यातील दुसरी अट सर्वांत महत्त्वाची आहे. शेजारच्या दुकानातील राउटरमुळे, स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हमुळे किंवा भौतिकोपचार विभागातील २४५० मेगाहर्ट्‌झच्या मायक्रोवेव्ह डायथर्मीमुळे आपले वाय-फाय कोलमडले, तर कायदा आपल्या बाजूने उभा राहत नाही.

डॅलसचा धडा

फेब्रुवारी १९९८ मध्ये अमेरिकेतील डॅलस शहरात एका दूरचित्रवाणी केंद्राने डिजिटल प्रक्षेपणाची चाचणी सुरू केली आणि बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयातील हृद्‌रुग्णांची बिनतारी टेलिमेट्री निकामी झाली. रुग्णालय रिकाम्या दूरचित्रवाणी वाहिनीच्या लहरी वापरत होते. तो वापर बेकायदा नव्हता, पण त्याला संरक्षणही नव्हते. सुदैवाने कोणत्याही रुग्णास इजा झाली नाही. या घटनेनंतर २००० मध्ये अमेरिकेने वैद्यकीय टेलिमेट्रीसाठी स्वतंत्र पट्टे राखून ठेवले.

आपल्याकडे शरीरात रोपण केलेल्या व तत्सम वैद्यकीय उपकरणांसाठी ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात, अवघ्या २५ मायक्रोवॅट शक्तीच्या मर्यादेत सूट आहे. वाय-फायवर चालणारा मॉनिटर मात्र सर्वांच्या सामायिक रस्त्यानेच जातो. म्हणून ज्या इशाऱ्यावर रुग्णाचा जीव अवलंबून आहे, तो केवळ वाय-फायवर सोपवू नये. त्यास तारेची जोड असावी आणि खाटेजवळचा इशारा स्वतंत्रपणे वाजावा.

शक्तीचे गणित

२.४ गीगाहर्ट्‌झ पट्ट्यात प्रक्षेपकाची शक्ती जास्तीत जास्त १ वॅट, म्हणजे ३० डीबीएम, आणि अँटेनासह परिणामी शक्ती ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएम, एवढीच चालते. अँटेना इमारतीच्या गच्चीपासून ५ मीटरपेक्षा उंच नसावा. परिणामी शक्ती काढण्यासाठी प्रक्षेपकाच्या डीबीएममध्ये अँटेनाची वृद्धी मिळवावी व केबलमधील घट वजा करावी.

समजा, रस्त्यापलीकडील प्रयोगशाळा जोडण्यासाठी कोणी १ वॅटच्या उपकरणास २४ डेसिबल वृद्धीचा जाळीदार अँटेना लावला. केबलमधील घट सोडून दिली, तर बेरीज ५४ डीबीएम, म्हणजे सुमारे २५० वॅट होते. ही मर्यादेच्या साठपटीहून अधिक झाली! त्याच अँटेनावर नियमात राहायचे, तर प्रक्षेपकाची शक्ती १२ डीबीएम, म्हणजे सुमारे १६ मिलिवॅट एवढीच ठेवावी लागेल. उपकरण परवानगी देते म्हणून कायदा परवानगी देतोच असे नाही.

५ गीगाहर्ट्‌झमध्ये आणखी एक शेजारी आहे, तो म्हणजे रडार. २००९ मध्ये प्वेर्तो रिकोतील सान हुआन विमानतळाजवळील हवामान रडारच्या चित्रात व्यत्यय दिसू लागला. त्याचे मूळ त्याच पट्ट्यात चालणाऱ्या बिनतारी इंटरनेट उपकरणांत सापडले. रडारची चाहूल लागताच वाहिनी बदलण्याची सोय उपकरणांत असते. ती बंद करू नये.

काय पाहावे?

१. उपकरणाच्या मॉडेलला केंद्र सरकारच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेची नमुना-मान्यता आहे काय, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. परदेशातून येताना आणलेल्या राउटरबाबत ही खबरदारी विशेष घ्यावी.

२. उपकरणात देश ‘भारत’ असाच निवडावा. अधिक वाहिन्या वा शक्ती मिळावी म्हणून दुसरा देश निवडणे हा नियमभंग होय.

३. गच्चीवरील जोडणीसाठी बसवणाऱ्याकडून शक्तीचे गणित लिहून घ्यावे व ते दप्तरी ठेवावे.

४. तळघरातील तपासणी कक्षात मोबाइलची रेंज नाही म्हणून बाजारातील बूस्टर लावू नये. ते काम परवानाधारक दूरसंचार कंपनीचे आहे. सभागृहात वा शस्त्रक्रियागृहात जॅमर लावण्याचा विचारही नको, कारण २०२३ च्या कायद्याच्या कलम ४८ नुसार सरकारी परवानगीवाचून असे उपकरण बाळगणेही निषिद्ध आहे.

५. डायथर्मी यंत्राजवळ राउटर बसवू नये, आणि नवे यंत्र आल्यावर अतिदक्षता विभागातील मॉनिटरची जोडणी पुन्हा तपासावी.

लहरी दिसत नाहीत, म्हणून त्यांची मर्यादाही जाणवत नाही. जंतूही डोळ्यांना दिसत नाहीत, तरी त्यांच्यासाठी आपण हात धुतोच. आपल्या गच्चीवरील अतिरिक्त शक्ती शेजारच्या रुग्णालयातील मॉनिटरला बाधू शकते, आणि त्याची आपल्याला. या सामायिक आकाशात नियम पाळणे हा रुग्णसुरक्षेचाच भाग आहे, हे आपण सर्वांनी ध्यानी घ्यावे.