पामच्या खोडावरची नोंदवही

नारळाचे झाड किती वर्षांचे आहे, हे ते न तोडता सांगता येईल का? सागाचे खोड आडवे कापले तर आत वलये दिसतात आणि ती मोजून वय काढता येते, हे तुम्ही शिकला आहात. नारळाचे खोड कापले तर मात्र एकही वलय दिसत नाही. दिसतात ते विखुरलेले ठिपके. पण घाई करू नका. नारळाने आपला हिशेब आत न ठेवता बाहेर, सालीवरच मांडून ठेवलेला असतो.

हा हिशेब वाचायचा तर बागा हिंडायला हव्यात. जगात या झाडांचे वेड असलेली पुष्कळ माणसे आहेत. 1956 साली अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यात डेंट स्मिथ या गृहस्थांनी पाम सोसायटी स्थापन केली. आज ती आंतरराष्ट्रीय संस्था आहे. निरनिराळ्या देशांतले तिचे सभासद एकत्र जमतात आणि एकमेकांच्या खासगी बागा पाहत फिरतात. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात अशी संस्था नाही. आम्ही चार-पाच जण आहोत. एक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, एक रोपवाटिकावाले, एक बागाईतदार आणि मी, भौतिकीचा मास्तर. सुटीच्या दिवशी कोणाच्या तरी आवारात शिरायचे, मालकाची परवानगी घ्यायची आणि झाडे पाहायची, एवढाच आमचा उद्योग.

‘‘नगरसारख्या कोरड्या मुलखात पाम कुठले?’’ असे तुम्ही विचाराल. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंचीवर आहे आणि येथे वर्षाला पाऊस पडतो जेमतेम 550 ते 600 मिलिमीटर. तरीही सावेडीच्या बंगल्यांत, श्रीरामपूर-राहुरीकडच्या पाटपाण्याच्या पट्ट्यात, साखर कारखान्यांच्या व महाविद्यालयांच्या आवारात पाम आहेतच. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस आला. उसाच्या पाठोपाठ बंगले आले आणि बंगल्यांपुढे पामच्या रांगा.

बागेत शिरल्यावर पहिले काम म्हणजे तोतये बाजूला काढणे. कुंडीतला सायकस हा पाम नव्हे. त्याला फूल येतच नाही, तो सूचिपर्णी वृक्षांच्या गोतावळ्यातला. पंख्यासारखा पसरलेला ‘प्रवासी पाम’ हाही पाम नव्हे, तो केळीचा नातेवाईक. फाटकापाशी पांढऱ्या गुळगुळीत खांबासारखा उभा असतो तो रॉयल पाम मात्र खरा. तो मूळचा क्यूबाकडचा. आपले रोपवाटिकावाले त्याला ‘बॉटल पाम’ म्हणतात. वास्तविक ते नाव मॉरिशसकडच्या एका ठेंगण्या, पोट सुटलेल्या जातीचे आहे. पण नगरच्या बाजारात रॉयल पाम मागाल तर दुकानदार तुमच्याकडेच पाहत राहील!

आता खोडाजवळ जा आणि हात लावून पाहा.

आंबा, बाभूळ, कडुनिंब यांच्या सालीखाली सतत विभागणाऱ्या पेशींचा एक पातळ थर असतो. तो दर वर्षी आतल्या बाजूला नवे लाकूड आणि बाहेरच्या बाजूला नवी साल तयार करतो. म्हणून ही झाडे जाड होतात आणि जखमही भरून काढतात. पाममध्ये हा थर नाही. नारळाचे रोप पहिली चार-पाच वर्षे जमिनीलगतच राहते, कारण त्या काळात ते खोडाची रुंदी ठरवीत असते. रुंदी ठरली की मग उंची. पुढे खोडावर लाकडाचे नवे थर चढत नाहीत. काही जातींत जुन्याच पेशी थोड्या फुगतात, इतकेच.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. चाळीस वर्षांच्या नारळाच्या बुंध्यातून जे पाणी वर जाते, ते त्याच्या बालपणी तयार झालेल्या वाहिन्यांतून! आंबा जुन्या वाहिन्या निकामी झाल्या की नव्या करतो. नारळाला ती सोय नाही. जे ठिपके तुम्ही कापलेल्या खोडात पाहता, ती या वाहिन्यांची जुडग्यांसारखी टोके आहेत. जन्मभर त्यांच्यावरच भागवायचे.

आणि काम तरी किती अवघड! तुमच्या मळ्यातल्या विहिरीवरचा पंप पाण्याच्या पातळीपासून फार उंच ठेवला तर तो पाणी ओढत नाही. हवेचा दाब पाण्याचा स्तंभ दहा मीटरपर्यंतच उचलू शकतो. नगरच्या उंचीवर हवा थोडी विरळ, म्हणून हिशेबाने साडेनऊ मीटरच्या आसपास, आणि प्रत्यक्षात सात-आठच. मग वीस मीटर उंच रॉयल पामच्या शेंड्याला पाणी कसे पोहोचते? ते खालून ढकललेले नसते, वरून ओढलेले असते. पानांतून बाष्प उडून गेले की वाहिनीतल्या पाण्यावर ताण येतो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून राहतात, म्हणून सारा स्तंभ दोरीसारखा वर खेचला जातो. दोरी जितकी ताणलेली तितका ती तुटण्याचा, म्हणजे वाहिनीत हवेचा बुडबुडा शिरण्याचा, धोका अधिक. उन्हाळ्यात बोअर आटल्यावर बंगल्यातला पाम का झुरतो, याचे निदान एक कारण येथे आहे.

ठिपक्यांची मांडणीही पाहण्याजोगी असते. ते मध्यभागी विरळ आणि कडेला दाट असतात. वाऱ्याने खोड वाकते तेव्हा सर्वांत जास्त ताण व दाब बाहेरच्या कडेवर येतो, मधल्या भागावर जवळजवळ काहीच नाही. म्हणून कडक द्रव्य कडेला असणे फायद्याचे. सायकलची नळी पोकळ असूनही मजबूत असते, त्यातही तेच तत्त्व. एक पोस्टकार्ड दोन पुस्तकांवर पुलासारखे ठेवा आणि मधोमध रुपयाचे नाणे ठेवून पाहा. मग त्याच कार्डाला उभ्या घड्या घालून पाहा. पामच्या पानाला घड्या का असतात, ते वेगळे सांगावे लागणार नाही.

आता हिशेबाकडे येऊ. नारळाचे प्रत्येक पान गळताना खोडावर एक कंगोरा ठेवून जाते. चांगल्या वाढीच्या नारळाला वर्षाला साधारण बारा ते चौदा पाने येतात. खोडावर 360 खुणा मोजल्या तर 360 भागिले 12, म्हणजे 30 वर्षे, अधिक खोड दिसू लागण्यापूर्वीची चार-पाच. पण आपल्याकडे पाणी कमी, म्हणून पानेही कमी असू शकतात. तेव्हा पुस्तकातला आकडा न वापरता स्वतः काढावा हे बरे. एखाद्या बुटक्या नारळाच्या सर्वांत नव्या पानाच्या देठावर रंगाची खूण करा आणि वर्षभराने तिच्यावर किती पाने आली ते मोजा.

दोन खुणांमधले अंतर तर आणखी बोलके असते. चांगल्या वर्षात खुणा दूर-दूर पडतात, तंगीच्या वर्षात जवळ-जवळ. रॉयल पामचे खोड तर कंबरेसारखे चिमटलेले दिसते, आणि पुढे कितीही पाणी घातले तरी ती कंबर भरून येत नाही. जिल्ह्यात 1972 च्या दुष्काळाआधी लावलेला नारळ तुमच्या गावात असेल, तर खालून वर मोजत जा आणि खुणा कोठे दाटल्या आहेत ते पाहा. शिंदीचे झाड असेल तर आणखी एक नोंद मिळते. रसासाठी दर हंगामात शेंड्याखाली छेद देतात, बहुधा आलटून पालटून दोन्ही बाजूंना. ते छेद कधीच भरत नाहीत. नागमोडी झालेले खोड म्हणजे किती हंगाम रस काढला, याचा हिशेब.

जखम भरत नाही, हे बागमालकांना मात्र ठाऊक नसते. दिवाळीच्या माळांसाठी खोडात खिळे ठोकलेले आम्ही अनेक ठिकाणी पाहिले. एका बंगल्यात तर विजेच्या तारांना पाने लागतात म्हणून रॉयल पामचा शेंडाच उतरवला होता. मालकांना वाटले, आंब्यासारखा फुटेल. पण या झाडाचा वाढीचा कोंब एकच, आणि तो शेंड्यात. तो खांब अजून उभा आहे, पण झाड नाही. तारांखाली पाम लावूच नये, हे त्या रोपाबरोबर कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

शेवटी एक प्रयोग. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, आज बांगलादेशात असलेल्या फरीदपूर येथे खजुराच्या जातीचे एक कललेले झाड होते. सायंकाळी देवळात घंटा वाजू लागल्या की ते खाली वाके आणि सकाळी पुन्हा डोके उचली. लोक त्याला प्रार्थना करणारे झाड म्हणत. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी तेथे आपले नोंदयंत्र बसविण्याची परवानगी मागितली. मालक कचरला. यंत्र भारतातच बनविलेले आहे आणि ते जोडणारा सहायक पुजाऱ्याचा मुलगा आहे, असे कळल्यावर त्याने होकार दिला. नोंदीतून दिसले की तापमान चढले की झाड वाकते आणि उतरले की वर उठते. पुढे झाड मेले तेव्हा हालचालही थांबली.

तुमच्या ओढ्याकाठी किंवा बांधावर कललेली शिंदी असेल तर मालकाला विचारून हेच करून पाहा. खोडाला, हात पोहोचेल तेथे, दोरीने ओळंबा बांधा आणि त्याखाली जमिनीत मोजपट्टी उभी रोवा. ओळंब्याचे टोक पट्टीच्या कितव्या आकड्याशी आहे, ते सकाळी सात, दुपारी तीन आणि सायंकाळी सहा वाजता लिहा. शेजारी सावलीत तापमापक टांगा. वारा पडलेला दिवस निवडा, निदान पंधरा दिवस नोंदी ठेवा आणि शिंदीच्या काट्यांपासून डोळे सांभाळा.