निबंध पुन्हा लिहायला लावणारा कोर्स

जुलै महिना आला की माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या हातात जाडजूड फाइल असते. प्रवेशपत्र, आय-ट्वेंटी, व्हिसा, बँकेची कागदपत्रं, सगळं नीट लावलेलं. मुलगा किंवा मुलगी ऑगस्टमध्ये अमेरिकेला पदवीच्या पहिल्या वर्षाला जाणार असते. फाइल मिटता मिटता वडील हमखास विचारतात, ‘‘मॅडम, प्रवेश कम्प्युटर सायन्सला घेतलाय. मग पहिल्याच सत्रात हा इंग्रजी लिहिण्याचा कोर्स कशाला? बारावीला इंग्रजीत चांगले मार्क आहेत की!’’

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर विमानात बसण्याआधी मिळायला हवं. या एका कोर्समध्ये आपली हुशार मुलं अडखळतात. त्यांचं इंग्रजी कच्चं असतं म्हणून असं होतं, असं मला वाटत नाही. तिथे लिखाणाकडून काय अपेक्षा असते, हे त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं.

हा कोर्स कुणासाठी आहे?

कुठे त्याला ‘फर्स्ट-इयर रायटिंग’ म्हणतात, कुठे ‘कॉम्पोझिशन’, कुठे नुसतं ‘इंग्लिश १०१’. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत शाखा कोणतीही असो, तो पूर्ण करावा लागतो. आपल्या बारावीच्या गुणांवर सहसा त्यातून सूट मिळत नाही.

पालकांना वाटतं, परदेशी मुलांचं इंग्रजी सुधारण्यासाठी हा कोर्स ठेवला असावा. त्याचा इतिहास वेगळाच आहे. हार्वर्डने १८७४मध्ये प्रवेश परीक्षेत निबंध लिहून घ्यायला सुरुवात केली. चांगल्या शाळांतून आलेल्या, इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या मुलांनाही मुद्देसूद लिहिता येत नाही, हे तिथल्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं. त्यातून १८८५मध्ये ‘इंग्लिश ए’ हा पहिल्या वर्षाचा कोर्स उभा राहिला आणि पुढे देशभर त्याचं अनुकरण झालं. म्हणजे तुमच्या मुलाच्या शेजारी बसलेला टेक्सासचा किंवा ओहायोचा मुलगाही हेच शिकायला आलेला असतो. हे कळलं की आपल्या मुलांच्या मनावरचं निम्मं दडपण उतरतं.

इथे मार्क कशाला मिळतात?

आपल्याकडे निबंध एकदाच लिहायचा असतो. तीन तासांच्या पेपरमधली वीस मिनिटं, डायजेस्टमधून पाठ केलेली सुरुवात, एखादं सुभाषित, शेवटी समारोप. तिथे एक निबंध तीन-चार आठवडे चालतो. आधी विषयाचा प्रस्ताव, मग पहिला मसुदा, त्यावर वर्गमित्रांच्या प्रतिक्रिया, प्राध्यापकांशी पंधरा-वीस मिनिटं समोरासमोर चर्चा, मग दुसरा मसुदा आणि त्यानंतर अंतिम प्रत. सत्रभरात असे तीन-चार निबंध होतात. बऱ्याच ठिकाणी शेवटी सगळं एकत्र करून पोर्टफोलिओ द्यावा लागतो. त्यासोबत एक पत्र लिहायचं असतं: सत्राच्या सुरुवातीला मी कसं लिहीत होतो, आता काय बदललं आणि का.

साताऱ्याची एक विद्यार्थिनी पहिल्या सत्रात फार घाबरली होती. तिने कास पठारावरच्या पर्यटनाबद्दल लिहिलं होतं. मसुद्यातलं मुख्य विधान साधारण असं होतं: ‘पर्यटनाचे फायदेही आहेत आणि तोटेही, म्हणून समतोल साधायला हवा.’ आपल्या शाळेत या वाक्याला कुणी हात लावला नसता. तिथल्या प्राध्यापिकेने समासात एवढंच लिहिलं, ‘याच्याशी असहमत कोण होईल?’

तिला तो अपमान वाटला. रात्री आईला फोन करून ती रडली. खरं तर त्या एका ओळीत अख्खा कोर्स सामावला होता. ज्याच्याशी कुणी वादच घालू शकत नाही, ते विधान सिद्ध करण्यात अर्थ नाही. मग ती आणि मी फोनवर बोलत बसलो. पठाराची राखण कोण करतं? आसपासच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्या. प्रवेश शुल्काचं काय होतं? गावकऱ्यांना राखणदारीत रस कशामुळे राहतो? दुसऱ्या मसुद्यात तिचं विधान झालं: ‘पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालून पठार टिकणार नाही, प्रवेश शुल्कात जवळच्या गावांचा वाटा पक्का असेल, तरच तिथली फुलं राखली जातील.’ आता वाद घालायला जागा होती, पुरावा शोधायला दिशा होती. व्याकरणाच्या दोन-तीन चुका तशाच राहिल्या होत्या, तरी ग्रेड वर गेली. मुलांच्या मनावर हे बिंबवा: इथे पहिल्या मसुद्यापासून शेवटच्या मसुद्यापर्यंत झालेल्या विचाराला मार्क मिळतात.

सिलॅबस म्हणजे करारनामा

आपल्याकडे सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी. तिथे पहिल्या दिवशी मिळणारा सिलॅबस आठ-दहा पानांचा असतो आणि त्यात कोर्सचे सगळे नियम असतात. प्रत्येक प्राध्यापकाचे नियम वेगळे असू शकतात. तरी या गोष्टी जवळपास सगळीकडे भेटतात:

• हजेरी : ठरावीक संख्येपेक्षा जास्त तास बुडाले की ग्रेड खाली येते, कधी थेट नापासही करतात. वर्ग लहान असतो आणि चर्चेवर चालतो, म्हणून नियम कडक. सर्टिफिकेट देऊन हजेरी नंतर भरून काढू, ही सवय इथे उपयोगाची नाही.

• उशीर : दर दिवसामागे ग्रेड कापली जाते. मात्र मुदतीच्या आधी कळवून वाढीव वेळ मागितला, तर बरेच प्राध्यापक देतात. मुदत उलटल्यावर केलेल्या विनवणीचा उपयोग होत नाही.

• वेळ : तीन क्रेडिटचा कोर्स म्हणजे आठवड्याला तीन तास वर्ग आणि वर्गाबाहेर साधारण सहा तास काम. हे सहा तास वेळापत्रकात आधीच राखून ठेवा.

• मांडणी : बहुतेक ठिकाणी एमएलए पद्धत असते. बारा पॉइंटचा टाइप, दोन ओळींत दुप्पट अंतर, चारही बाजूंना एक इंच समास, शेवटी संदर्भांची यादी. पर्ड्यू विद्यापीठाच्या ‘आउल’ या संकेतस्थळावर हे सगळं विनामूल्य पाहता येतं.

• ऑफिस अवर्स : प्राध्यापक आठवड्यातले काही तास फक्त विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी राखून ठेवतात. आपली मुलं ‘सरांना त्रास कशाला’ म्हणून जात नाहीत. तिथे जाणं हा हक्क आहे आणि न येणारा मुलगा बेफिकीर वाटू शकतो.

चोरी कशाला म्हणतात?

इथे मी पालकांना थोडं थांबायला सांगते. प्लेजरिझम म्हणजे वाङ्मयचौर्य. त्याचा आरोप सिद्ध झाला तर निबंधाला शून्य, कोर्समध्ये नापास, प्रकरण गंभीर असेल तर निलंबन. व्हिसावर असलेल्या विद्यार्थ्यासाठी निलंबनाचा अर्थ फार मोठा असतो. आपल्या मुलांकडून हा गुन्हा बहुतेक वेळा नकळत घडतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, मूळ लेखात वाक्य आहे: ‘गर्दीच्या पायांखाली पठारावरची माती दबते आणि बी रुजायला जागा उरत नाही.’ विद्यार्थी लिहितो: ‘लोकांच्या गर्दीने पठारावरील माती दाबली जाते व बियांना रुजण्यास जागा राहत नाही.’ शब्द बदलले, म्हणून त्याला वाटतं हे माझं. पण वाक्याचा सांगाडा तोच, विचार तोच आणि मूळ लेखकाचं नाव कुठेच नाही. ‘उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहा’ या सूचनेचा आपण शाळेपासून हाच अर्थ लावत आलो. तिथे याला चोरीच म्हणतात.

योग्य वाट अशी: मूळ लेख बंद करायचा, समजलेलं स्वतः मांडायचं, लेखकाचं नाव सांगायचं आणि पुढे आपला मुद्दा जोडायचा: ‘अमुक अभ्यासकाच्या मते गर्दीमुळे माती दबून बी रुजत नाही, पण हे नुकसान सगळीकडे सारखं होत नाही, ते पायवाटांच्या कडेला जास्त होतं.’ उसनं काय आणि आपलं काय, हे वाचणाऱ्याला स्पष्ट दिसलं पाहिजे. आणखी एक: एका कोर्ससाठी लिहिलेला निबंध परवानगी न घेता दुसऱ्या कोर्सला देणंही नियमाविरुद्ध असतं.

चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दल प्रत्येक सिलॅबसमध्ये वेगळा नियम असू शकतो. कुठे पूर्ण बंदी, कुठे वापर सांगितला तर चालतं, कुठे फक्त विषय सुचवण्यापुरती मुभा. नियम लिहिलेला नसेल तर ईमेलने विचारा आणि ते उत्तर जपून ठेवा. यंत्राने लिहिलेलं ओळखणारी सॉफ्टवेअर चुकतातही. म्हणून सगळं लिखाण गुगल डॉक्समध्ये करा, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद राहते. खोटा आरोप आलाच तर तुमचे कच्चे मसुदेच तुमची साक्ष देतील.

मदत मागायची कुठे?

जवळपास प्रत्येक विद्यापीठात रायटिंग सेंटर असतं. वेळ ठरवून जायचं, वेगळे पैसे पडत नाहीत. तिथे चुका दुरुस्त करून मिळतील, ही अपेक्षा ठेवू नका. तिथला ट्यूटर प्रश्न विचारतो आणि दुरुस्ती तुमच्याकडूनच करून घेतो. काही विद्यापीठांत इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठी याच कोर्सच्या वेगळ्या तुकड्या असतात. तिथे प्रवेश घेण्यात कमीपणा नाही.

पहिली ग्रेड ‘सी’ आली की मुलं घाबरून कोर्स सोडायला निघतात. थांबवा त्यांना. एफ-वन व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात किमान बारा क्रेडिट ठेवावे लागतात. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी न घेता त्याखाली गेलं, तर व्हिसाच अडचणीत येतो.

आई-बाबांसाठी

अमेरिकेतल्या १९७४च्या ‘फर्पा’ कायद्यानुसार कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा स्वतःचा असतो. फी तुम्ही भरत असलात, तरी तुम्ही प्राध्यापकांना ईमेल केलं तर मुलाच्या लेखी संमतीशिवाय ते ग्रेडबद्दल सहसा काही सांगणार नाहीत. त्यात उद्धटपणा नाही, त्यांच्यावर कायद्याचं बंधन असतं. म्हणून माहिती मुलाकडूनच मिळवायची आणि त्यासाठी घरात बोलण्याची वाट मोकळी ठेवायची. निबंध ताईने किंवा काकांनी लिहून पाठवणं हा तर सरळसरळ गुन्हा ठरेल.

मग तुमच्या हातात काय उरतं? पुष्कळ काही. जायच्या आधी एक रविवार काढा. त्या विद्यापीठाच्या रायटिंग कोर्सचा जुना सिलॅबस संकेतस्थळावर मिळाला तर तो मुलाबरोबर वाचा. घरातल्या एखाद्या वादाच्या विषयावर त्याला एक पान लिहायला सांगा आणि आठवड्याने तेच पान पुन्हा लिहून घ्या. त्याला ते नकोसं वाटेल, पण हीच सवय त्याला तिथे तारेल.

साताऱ्याच्या त्या मुलीच्या आईला इंग्रजी निबंध वाचता येत नव्हता. मी त्यांना सांगितलं, तो तुम्ही वाचायची गरज नाही. तिला फोनवर मराठीत एवढंच विचारा, ‘बाळा, तुला नक्की काय म्हणायचंय?’ आणि तिचं उत्तर समजेपर्यंत विचारत राहा. पुढच्या प्रत्येक निबंधाच्या वेळी त्या दोघी तेच करत राहिल्या. सत्राच्या शेवटच्या पत्रात ‘मला कुणी मदत केली’ या परिच्छेदात तिने आधी रायटिंग सेंटर लिहिलं होतं आणि त्याच्या खाली आई.