मेंदूविज्ञानातील संशोधक घडविताना

मानवी मेंदूचे वजन सुमारे चौदाशे ग्रॅम. या लहानशा अवयवात अंदाजे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि एकेक पेशी इतर असंख्य पेशींशी जोडलेली असते. अपस्मार, कंपवात, स्मृतिभ्रंश यांसारख्या व्याधींची कारणे या जाळ्यातच शोधावी लागतात. हे शोधकार्य ज्यांच्या हातून व्हावयाचे, त्या संशोधकांची खरी जडणघडण पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत होते. या काळात जडलेल्या सवयी, चांगल्या असोत वा वाईट, जन्मभर सोबत करतात. यास्तव नवागत विद्यार्थ्यास प्रारंभी काय शिकवावे, या प्रश्नास विशेष महत्त्व आहे.

एक पद्धती, दोन निष्कर्ष

या शास्त्राचा इतिहासच नवशिक्यांस पहिला धडा देतो. इटलीतील कामिल्लो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराच्या साहाय्याने चेतापेशी काळ्या रंगविण्याची पद्धती शोधून काढली. तीत मोजक्याच पेशी रंगतात. त्यामुळे एकेक पेशी तिच्या सर्व फांद्यांसह स्पष्ट दिसते. असे असूनही मेंदू म्हणजे एक सलग जाळे आहे, असे गॉल्जी मानीत राहिले. स्पेनमधील सांतियागो रामोन इ काहाल यांना ही पद्धती १८८७ मध्ये पाहावयास मिळाली. त्यांनी तीत सुधारणा केली, ज्यांची वाढ पूर्ण झालेली नाही अशा प्राण्यांच्या मेंदूंवर ती वापरली आणि प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते, असा निष्कर्ष काढला. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. त्या वेळच्या व्याख्यानातही गॉल्जींनी आपले मत सोडले नाही. पुढे काहाल यांचेच म्हणणे खरे ठरले. उत्तम साधन हाती आले म्हणजे सत्य हाती आलेच असे नव्हे, हा यातील बोध होय. नव्या संशोधकांच्या शिक्षणाचे महत्त्व काहाल यांनीही जाणले होते. १८९७ मध्ये स्पेनच्या विज्ञान अकादमीत प्रवेश करताना त्यांनी भाषणासाठी हाच विषय निवडला होता.

अनेक शास्त्रांचा संगम

मेंदूविज्ञानाकडे येणारे विद्यार्थी एकाच वाटेने येत नाहीत. कोणी प्राणिशास्त्राचा पदवीधर असतो, कोणी भौतिकशास्त्राचा, कोणी वैद्यकाचा, तर कोणी मानसशास्त्राचा. हॉजकिन आणि हक्सले यांनी १९५२ मध्ये चेतातंतूतील विद्युत्संदेशाचे स्पष्टीकरण गणिती समीकरणांच्या रूपाने मांडले. ती समीकरणे समजण्यासाठी जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यास गणित व संगणकाची ओळख करून घ्यावी लागते. उलट, भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यास जिवंत पेशी हाताळण्याचा धीर व कौशल्य अंगी बाणवावे लागते.

म्हणूनच अनेक संस्थांत विद्यार्थ्यास तत्काळ एका मार्गदर्शकाशी जखडून टाकीत नाहीत. तो काही आठवडे वा महिने एका प्रयोगशाळेत, नंतर दुसऱ्या व तिसऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. त्यातून त्याला विविध तंत्रांचा परिचय होतो आणि आपला स्वभाव कोणत्या कामाशी जुळतो हेही उमगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान तीन व सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांची मुदत आहे. घाईने केलेली निवड या अवधीतील मोलाची वर्षे वाया घालवू शकते.

संख्याशास्त्राचा धडा

२००९ मध्ये अमेरिकेतील काही संशोधकांनी एक मृत सॅल्मन मासा मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात ठेवला व त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखविली’. नेहमीच्या ढिल्या कसोटीने आकडे तपासता मृत माशाच्या मेंदूत हालचाल चालू असल्याचे दिसून आले! हजारो बिंदूंची एकाच वेळी तुलना केली की काही बिंदू केवळ योगायोगाने उजळतात. त्याबद्दलची आवश्यक दुरुस्ती करताच ती ‘हालचाल’ नाहीशी झाली.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीचा निष्कर्षही गंभीर आहे. मेंदूविज्ञानातील ज्या अभ्यासांचे तीत विश्लेषण झाले, त्यांचे मध्यक सांख्यिकीय सामर्थ्य सुमारे २१ टक्के होते. म्हणजे परिणाम खरोखर अस्तित्वात असला, तरी असे शंभर प्रयोग केल्यास एकवीस प्रयोगांतच तो हाती लागेल. नमुने अपुरे असणे, हे याचे प्रमुख कारण. म्हणून किती नमुने घ्यावयाचे हे आधी ठरविणे, मोजणाऱ्यास गट कळू न देणे आणि अपेक्षेविरुद्ध आलेले निष्कर्षही नोंदवहीत टिपणे, या गोष्टी पहिल्या वर्षीच अंगवळणी पडावयास हव्यात.

मुक्या जिवांविषयीची जबाबदारी

या शास्त्रात उंदीर, मासे आदी प्राण्यांवर प्रयोग करावे लागतात. रसेल व बर्च यांनी १९५९ मध्ये तीन तत्त्वे सांगितली: शक्य तेथे पर्याय वापरावा, प्राण्यांची संख्या कमी करावी आणि त्यांच्या वेदना कमी कराव्यात. भारतात प्राण्यांवरील प्रयोगांचे नियमन १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली होते व संस्थेच्या समितीची पूर्वसंमती घ्यावी लागते. येथे नीती व संख्याशास्त्र एकत्र येतात. गरजेपेक्षा अधिक प्राणी वापरणे जसे गैर, तसेच इतके थोडे वापरणेही गैर, की निष्कर्षच निघू नये. कारण मग ते जीव व्यर्थ गेलेले असतात.

मुंबईतील परंपरा

गुरु-शिष्यांच्या सहकार्याचे एक उज्ज्वल उदाहरण मुंबईतच आढळते. डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून डॉ. ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचे काम सुरू केले. मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील व केनियात जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज डब्लिनमधून सूक्ष्मजीवशास्त्र शिकून त्यांच्याकडे संशोधनास आल्या. फळमाशीला गंध व चव कशी कळते, या प्रश्नावर दोघांनी काम केले व १९७८ मध्ये त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. याच रॉड्रिग्ज पुढे त्या संस्थेच्या जीवशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या आणि त्यांनी स्वतः अनेक विद्यार्थी घडविले.

यंत्रे विकत आणता येतात. स्वतःच्या निष्कर्षाविषयी शंका घेण्याची वृत्ती मात्र शिकवूनच येते. “माझे मोजमाप पुन्हा तपासून पाहावे” असे विद्यार्थी निर्भयपणे म्हणू शकेल, असे वातावरण निर्माण करणे हे मार्गदर्शकाचे पहिले कर्तव्य होय. ज्या रुग्णांसाठी हे सारे संशोधन चालते, त्यांच्या हाती विश्वासार्ह ज्ञान पोहोचण्याचा मार्ग येथूनच सुरू होतो.