आधी नळी बघा

दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत कानामागचं श्रवणयंत्र चालता चालता बंद पडलं, तर ते बिघडलं असं धरून चालू नका. कानातून काढा, कानात बसणाऱ्या मोल्डपासून वरच्या हुकपर्यंत जाणारी पारदर्शक नळी खिडकीशी उजेडात धरा आणि तिच्यात पाण्याचा थेंब अडकलाय का ते बघा. कानाच्या आतली हवा अंगाच्या उबेची आणि दमट असते. बाहेर पारा पाच-सहा अंशांवर उतरलेला, नळी गार पडलेली. आतली वाफ त्या गार नळीत पोचली की तिचं पाणी होतं. नळीचं भोक जेमतेम दोन मिलिमीटरचं. तेवढ्यात एक थेंब आडवा बसला की आवाजाची वाट बंद. यंत्र आपलं काम करत असतं, आपल्याला मात्र काही ऐकू येत नाही.

ही साधी गोष्ट यंत्र विकताना मला कुणी सांगितली नव्हती. ती ठाऊक नसल्यामुळे कितीतरी घरांत धडधाकट यंत्रं कपाटात पडून राहतात, म्हणून हे लिहिते आहे.

मी नोएडात राहते. माझ्या दोन्ही कानांच्या नसा कमजोर आहेत, डाव्या कानाची जास्त. पहिली यंत्रं बाजारातल्या एका दुकानातून घेतली. तपासणी दुकानातच झाली, काचेच्या दाराआड, बाहेर ई-रिक्षांचे हॉर्न चालू असताना. उन्हाळा बरा गेला. थंडी पडली तशी सकाळी फिरायला निघालं की कधी हे यंत्र, कधी ते, गप्प व्हायला लागलं. घरी येऊन हीटरजवळ बसलं की काही वेळानं पुन्हा सुरू. दुकानदारानं यंत्रं हातात घेतली आणि कानाला न लावताच निकाल दिला, "आंटीजी, सर्किट उड़ गया है. एक्सचेंज में नई जोड़ी ले लीजिए." नव्या जोडीची किंमत ऐकून हे म्हणाले, "अगं, आधी दुसरीकडे दाखवू. घाई कशाला?"

दुसरीकडे म्हणजे एका सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात. तिथली ऑडिओलॉजिस्ट मुलगी माझ्या मुलीपेक्षाही लहान असेल. तिनं हुक घट्ट धरून नळी ओढून काढली, नळीच्या तोंडाशी रबरी फुगा लावून एकदाच दाबला, आणि मोल्डच्या टोकातून एक थेंब टेबलावरच्या माझ्या केसपेपरवर पडला. शाईचं एक अक्षर फिसकटलं. नळी पुन्हा बसवून तिनं यंत्र स्वतः स्टेथोस्कोपसारख्या एका साधनानं ऐकलं आणि मला म्हणाली, "मशीन बिल्कुल ठीक है, आंटी." मग यंत्र संगणकाला जोडून तिनं सेटिंग उघडलं. डाव्या-उजव्या दोन्ही कानांना एकच सेटिंग भरलेलं होतं. माझे दोन कान वेगवेगळे कमजोर असताना हे कसं चालेल? डावीकडचं बोलणं मला का कळत नाही याचं उत्तर त्या पडद्यावर होतं.

तेव्हापासून मी ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला सांगते की यंत्र कुठल्या कंपनीचं आहे याच्या आधी ते कोण बसवून देणार आहे ते विचारा. सुरुवात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांपासून व्हायला हवी. नुसता मळ साचलेला असेल, पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल, तर इलाज वेगळा. आणि एखाद्या दिवशी एका कानाचं ऐकणं अचानक गेलं, तर ती तातडीची वेळ समजा. स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांतच सुरू व्हावे लागतात, तेव्हा यंत्राच्या दुकानात जाऊन वेळ घालवू नका. डॉक्टरांनी कान पाहिल्यानंतर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, तीही आवाजबंद खोलीत, हेडफोन लावून आणि कानामागच्या हाडावर कंपनाचं साधन ठेवूनही. तपासणाऱ्याची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे का हे विचारायला संकोचू नका. १९९२ च्या कायद्यानं ही परिषद नेमली आहे आणि नोंदणी असलेल्याकडे क्रमांक असतोच. चॅनेल किती, ब्लूटूथ आहे का, यावर दुकानात तास जातो. त्यापेक्षा किमतीत मोल्ड धरला आहे का, पुढची सेटिंग किती वेळा करून मिळणार, दुरुस्ती कुठे, हे लिहून घ्या. चाचणीसाठी यंत्र लावून दिलं की दुकानाबाहेर पडून रस्त्यावर उभं राहून सोबतच्या माणसाशी बोला. एसीच्या खोलीत सगळीच यंत्रं छान वाटतात. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही हेही लक्षात असू द्या, बिलात लावलेला दिसला तर विचारा.

पहिले काही आठवडे जड जातात. कढईवर झारा आपटला तरी दचकायला होतं, पंख्याची घरघर डोक्यात भरते, स्वतःचा आवाज माठात बोलल्यासारखा येतो. अनेक लोक इथेच यंत्र काढून ठेवतात. ऐकणं मेंदूचंही काम आहे, आणि वर्षानुवर्षं न पोचलेले आवाज पुन्हा पोचायला लागले की त्यांतून कामाचे कुठले, सोडून द्यायचे कुठले, हे त्याला नव्यानं शिकावं लागतं. घरात थोडा वेळ लावून रोज वेळ वाढवा, एका माणसाशी बोला, मग टीव्ही, मग बाजार. काय खुपतं ते कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन सेटिंगला जा. "बरोबर वाटत नाही" एवढं सांगून ऑडिओलॉजिस्टला काही कळत नाही. "नातवाचा आवाज येतो पण शब्द कळत नाहीत" म्हटलं की तिला कळतं.

आता रोजची निगा. झोपताना यंत्र काढलं की कोरड्या मऊ कापडानं पुसायचं. स्पिरिट, सॅनिटायझर, ओलं कापड काही नको. मोल्डचं भोक खाली करून ब्रशनं मळ झाडायचा, म्हणजे तो आत न जाता बाहेर पडतो. सेलचं झाकण उघडं ठेवायचं आणि यंत्र डबीत ठेवायचं. डबीतले सिलिका जेलचे मणी कोरडे असताना निळे असतात आणि ओल शोषून घेतली की गुलाबी होतात. काही डब्यांत नारिंगीचे हिरवे होतात. रंग बदलला की मणी बदला. तांदळात यंत्र पुरणं थांबवा, तांदळाची भुकटी माइकच्या भोकांत बसते. हेअर ड्रायर आणि ऊन तर नकोच.

आठवड्यातून एकदा मोल्ड नळीसकट हुकपासून वेगळा करून कोमट साबणपाण्यात धुवायचा, फुग्यानं नळीतलं पाणी उडवायचं आणि रात्रभर सुकू द्यायचं. धुवायचा तो फक्त मोल्ड. यंत्राला पाणी लावायचं नाही, त्यावर पाणी-धूळरोधक असल्याचा आयपी-६८ हा दर्जा लिहिलेला असला तरी नाही, कारण त्या चाचणीत साबण आणि घाम धरलेले नसतात. दोन्ही मोल्ड एकदम धुतले तर जोडताना लाल खूण उजव्याची, निळी डाव्याची. बारीक नळी आणि रबरी टोपी असलेलं यंत्र असेल, तर सोबत मिळालेली साफ करायची तार यंत्राच्या बाजूनं घालून टोपीकडे बाहेर काढायची. टोपी घट्ट बसली आहे ना हे रोज ओढून बघा. ती कानातच राहिली तर पिन किंवा चिमटा घालू नका, सरळ डॉक्टरांकडे जा. जाड नळी काही महिन्यांत पिवळी आणि ताठ होते. दिल्लीच्या उन्हाळ्यात तर लवकरच. ताठ नळी मोल्ड ओढते, फट पडते आणि शिटी सुरू होते.

शिटी आली की लोक आवाज कमी करतात. त्यानं शिटी थांबते, पण ऐकणंही जातं. शिटीचं कारण म्हणजे बाहेर पडलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो. मोल्ड नीट बसला नसेल, वजन उतरल्यामुळे सैल झाला असेल, नळीला तडा असेल किंवा कानात मळाचा गोळा असेल. हे सगळं तपासून मगच सेटिंगकडे वळा.

सेलची गोष्ट वेगळी. झिंक-एअर सेल हवेवर चालतो. पाठीवरचं स्टिकर काढलं की हवा आत जाते आणि तो जागा होतो. म्हणून स्टिकर काढून तीन-चार मिनिटं तसाच राहू द्या, मग झाकण लावा. एकदा काढलेलं स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. रंगावरून माप कळतं: नारिंगी १३, निळा ६७५, तपकिरी ३१२. थंडीत तो लवकर मान टाकतो, तेव्हा पर्समध्ये एक पाकीट असू द्या. वापरलेला सेल टेबलावर ठेवू नका. लहान मूल तो गिळू शकतं, आणि गिळला असा नुसता संशय आला तरी त्याला थेट रुग्णालयात न्यायचं. चार्जिंगवर चालणारं यंत्र असेल तर मे महिन्यात ते बंद गाडीत ठेवू नका.

दिल्लीचे ऋतू यंत्राची परीक्षा घेतात. मे-जूनमध्ये आंधी उठते तेव्हा बारीक धूळ वरच्या दोन माइकच्या भोकांत जाऊन बसते आणि आवाज दबलेला यायला लागतो. तिथे टाचणी घालायची नाही, कोरडा ब्रश पुरतो. जुलै-ऑगस्टच्या चिकट दिवसांत घामामुळे सेलच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. तो दिसला की यंत्र दाखवून आणा. केसांना तेल किंवा रंग लावून झाल्यावर, केस कोरडे झाल्यावरच यंत्र घाला. होळीला घराबाहेर पडण्याआधी ते डबीत, डबी कपाटात, खिशात नव्हे. नोव्हेंबरच्या धुरक्यात मास्क लागतो, आणि मास्कची रबरी दोरी काढताना यंत्र उडून जातं. कानावर अडकणाऱ्या मास्कऐवजी डोक्यामागे बांधायचा मास्क घ्या आणि यंत्राला कपड्यावर अडकणारी दोरी लावा. मेट्रोच्या फलाटावर मास्क काढूच नका.

मेट्रोच्या सुरक्षा तपासणीत यंत्र काढावं लागेल या भीतीनं काही बायका ते घालून प्रवासच करत नाहीत. चौकटीतून जाताना किंवा हातातला डिटेक्टर फिरवताना यंत्राला काही होत नाही. शिपाईबाईंना कानाकडे बोट दाखवून "कान की मशीन है" म्हटलं की झालं. एमआरआयच्या खोलीत मात्र यंत्र घालून पाऊल टाकायचं नाही.

पैशांची अडचण असेल तर मार्ग आहेत आणि ते वापरावेत. अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था १९८३ पासून मुंबईत वांद्र्याला आहे, तिचं प्रादेशिक केंद्र इथे नोएडात आहे. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असणाऱ्यांना केंद्राच्या एडिप योजनेतून यंत्र मिळतं. कानपूरची एलिम्को ही सरकारी कंपनी अशी यंत्रं पुरवते. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. सीजीएचएस कार्ड असलेल्यांना ठरलेल्या मर्यादेपर्यंत खर्च परत मिळतो, पण त्यासाठी खरेदीआधी तज्ज्ञांची चिठ्ठी आणि ऑडिओग्राम लागतो.

यंत्र वापरण्याचा आग्रह मी का धरते? ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलणंच सोडून देतो, हे मी जवळून पाहिलं आहे. फोन उचलत नाही, लग्नाला जात नाही, हसण्यात उशिरा सामील होतो. २०२३ साली लॅन्सेटमध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. सगळे सहभागी एकत्र धरले तर फरक दिसला नाही, पण बुद्धीची घसरण होण्याचा धोका मुळातच जास्त असलेल्या ज्येष्ठांमध्ये यंत्र आणि समुपदेशन मिळालेल्यांची घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी कमी झाली. एकट्या अभ्यासावर विसंबून कुणाला आशा दाखवू नये, पण दुर्लक्ष करण्याजोगंही हे नाही. घरच्यांनी एवढं करावं: पाठमोरं किंवा दुसऱ्या खोलीतून बोलू नये, चेहऱ्यावर उजेड ठेवावा, ओरडू नये. ओरडलं की यंत्रातून शब्द फाटके येतात आणि माणूस आणखी मिटतो.

ज्यांची बोटं थरथरतात त्यांच्या घरात एकानं नळी काढणं-घालणं शिकून घ्यावं. सून, नातू, कामाला येणारी ताई, कुणीही. आणि कपाटात जुनं यंत्र पडलं असेल, तर नवं घेण्याआधी ते एकदा ऑडिओलॉजिस्टकडे न्या. बऱ्याचदा नवी नळी, नवा सेल आणि पुन्हा केलेलं सेटिंग एवढ्यानं ते चालू होतं. कान दरवर्षी तपासून सेटिंग बदलावं लागतंच. जाताना जुना ऑडिओग्राम घ्या, आणि एक यंत्र चालत असलं तरी दोन्ही सोबत न्या.