सायकलवाल्याला हेल्मेटचा दंड?

प्रश्न : मुलगा शहरात सायकलवर डबे पोचवतो. हेल्मेट नाही म्हणून चौकात पोलिसाने अडवलं, चाकांची हवा सोडली. दाद कुठे मागावी?
– एक पालक, टोकावडे

उत्तर : हवा सोडण्याचा अधिकार पोलिसांना कुठलाच कायदा देत नाही. कष्टकऱ्याचा दिवस बुडवणारा हा अन्याय सोडून देऊ नका. मोटार वाहन कायदा, १९८८ मधली हेल्मेटसक्ती (कलम १२९) मोटारसायकलींसाठी आहे. साध्या सायकलला लायसन्सही लागत नाही. सिग्नल मात्र पाळायलाच हवा.

दंड मागितला तर कलम विचारा, पावती घ्या. तारीख, वेळ, चौक, गणवेशावरच्या पट्टीवरचं नाव लगेच लिहून ठेवा. लेखी तक्रार पोलीस आयुक्तांकडे द्या, ग्रामीण भागात अधीक्षकांकडे. दुसऱ्या प्रतीवर पोच-शिक्का घ्याच. इतरांनाही असाच त्रास होत असेल तर सह्यांचं एकत्र निवेदन द्या. मोर्चा काढायचा तर आधी जमावबंदी आहे का, ते विचारून घ्या.