निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून...

थंडी पडू लागली की वांग्याचे भरीत आणि हुरडा यांची आठवण होते आणि माळ्यावरची शेगडी खाली येते. अलीकडे कित्येक गच्च्यांवर बार्बेक्यूही दिसू लागले आहेत. हे सारे उघड्यावर चालले असेल तर डॉक्टर म्हणून माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती पेटती शेगडी उचलून घरात आणण्याविषयी.

कोळसा पेटवण्याची घरोघरची पद्धत ठरलेली आहे. गॅसवर पापडाची जाळी ठेवायची, तिच्यावर लोणारी कोळशाचे चार तुकडे लाल करायचे आणि शेगडीत टाकायचे. यात राख व कोळशाची चूर बर्नरच्या भोकांत पडते. मग ज्योत निळी न राहता पिवळी होते व भांडी काळी पडतात. गॅस पुरता जळत नसल्याची ही खूण आहे. शिवाय सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झालीच तर तो जमिनीलगत पसरतो, आणि नेमकी तिथेच आपली शेगडी असते!

पण खरा धोका यापुढचा. सुरुवातीला धूर होतो म्हणून शेगडी अंगणात ठेवतात. निखारे लालबुंद झाले, धूर थांबला, की ‘आता आत घ्यायला हरकत नाही’ असे म्हणतात. हीच समजूत घातक आहे. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत की ठसका लागत नाही. निखाऱ्यांवर निळसर ज्योत नाचताना दिसते, ती या वायूच्याच जळण्याची. ज्योत विझून वर राखेचा थर बसला तरी आतला कोळसा धुमसतच असतो आणि वायू न जळता खोलीत पसरतो.

रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. हा वायू प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने त्याला चिकटतो. श्वास चालू असतो, पण मेंदूला व हृदयाला प्राणवायू पुरत नाही. आधी डोके दुखते, मग मळमळ, चक्कर आणि हातापायांतले बळ गेल्यासारखे वाटते. झोपलेल्या माणसाला यातले काही कळतच नाही.

एका हिवाळ्यात एकाच घरातील चौघे सकाळी माझ्याकडे आले. सर्वांचे डोके दुखत होते, दोघांना उलट्या झाल्या होत्या. दोष दिला जात होता रात्रीच्या भरताला. भरीत न खाल्लेल्या आजींनाही तोच त्रास होता, म्हणून मी विचारले, ‘वांगी कशावर भाजलीत?’ भाजून झाल्यावर शेगडी ऊब राहावी म्हणून झोपायच्या खोलीत ठेवली होती. घरातील सर्वांना एकाच वेळी असा त्रास झाला आणि बाहेर पडल्यावर बरे वाटले, तर अन्नाआधी शेगडी आठवावी.

बाळंतिणीच्या खोलीची मला अधिक काळजी वाटते. दारे-खिडक्या बंद, फटींत कापड आणि बाजेखाली शेगडी. ‘आमच्या वेळी काही झाले नाही’ असे आजी म्हणतात, आणि ते खोटे नाही. कौलारू घराला शंभर फटी असत. आता स्लॅबच्या खोलीला सरकत्या काचा बसवल्या की हवेला वाटच उरत नाही. तान्हे मूल भरभर श्वास घेते, त्यामुळे त्याला ही बाधा लवकर होते. शेक द्यायचाच तर कापड दुसऱ्या खोलीत तापवून आणावे किंवा गरम पाण्याची पिशवी घ्यावी. शेगडीजवळ पाण्याचे भांडे ठेवण्याचा उपयोग नाही, कारण हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. खिडकीची फट ठेवली म्हणूनही निर्धास्त राहू नये. धुंगार देताना मात्र वाटीतला एवढासा निखारा लगेच बाहेर टाकला तर त्याची धास्ती नको.

कोणी बेशुद्ध आढळल्यास दारे-खिडक्या सताड उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे. कांदा हुंगवण्यात किंवा तोंडात पाणी घालण्यात वेळ घालवू नये. श्वास चालू असल्यास कुशीवर निजवावे आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. करोनाच्या काळात, २०२०-२१ मध्ये, बोटाला लावायचे यंत्र बऱ्याच घरांत आले. त्यावर ९८ दिसले तरी विश्वासू नये, कारण चिकटलेला वायू प्राणवायू आहे की दुसरा हे त्या यंत्राला ओळखता येत नाही. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. इस्पितळात मास्कने शुद्ध प्राणवायू दिल्यास सुमारे तासा-दीड तासात तेवढे काम होते. तेथील डॉक्टरांना खोलीत शेगडी होती हे आवर्जून सांगावे. बरे होऊन घरी आलेल्या काहींना पुढच्या काही आठवड्यांत विसराळूपणा किंवा स्वभावात बदल जाणवतो. तसे दिसल्यास त्यांना पुन्हा दाखवून घ्यावे.