पुरेसा निर्णय

निर्णय घेणारा मनुष्य सर्व पर्याय तोलून त्यांतील सर्वोत्तम निवडतो, अशी समजूत रूढ आहे. 1978 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे हर्बर्ट सायमन यांनी ती अमान्य केली. माहिती, वेळ आणि आकलनशक्ती मर्यादित असल्यामुळे मनुष्य समाधानकारक पर्याय सापडताच शोध थांबवितो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

भारतीय रेल्वेचे एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. 1960 साली ब्रॉडगेज गाड्यांचा कमाल वेग ताशी 96 किलोमीटर होता. रेल्वे मंडळाने 160 किलोमीटरचे उद्दिष्ट ठरविले. परंतु 120 किलोमीटरचा मधला टप्पाही आखला. लखनौच्या मानक नगरातील संशोधन, अभिकल्प व मानक संघटनेने 1962 पासून हे काम हाती घेतले. 1967 साली प्रत्यक्ष मार्गावर चाचण्या सुरू झाल्या आणि 1 मार्च 1969 रोजी नवी दिल्ली-हावडा राजधानी एक्सप्रेस 120 किलोमीटरच्या कमाल वेगाने धावू लागली.

हा संकोच अविवेकी होता काय? गतिरोधनाची क्षमता तीच राहिल्यास थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे 160 किलोमीटरला ते 120 च्या तुलनेत जवळजवळ पावणेदोन पट होते. चुकीची किंमत प्रवाशांच्या प्राणांनी मोजावी लागली असती. येथे टप्प्याटप्प्याने जाणे हाच विवेक होय.

तथापि 160 किलोमीटरने धावणारी गतिमान एक्सप्रेस अवतरण्यास 2016 साल उजाडले. पुरेसा म्हणून स्वीकारलेला पर्याय कायमचा मुक्काम तर बनत नाही ना, हे धोरणकर्त्यांनी वेळोवेळी तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.